छातीशी धरलेलं मांजर

आमच्या गल्लीच्या टोकाला कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. तिथं डॉक्टर तपासायचे आणि आत्या धरायची.

आत्याच्या कामाला दुसरं नाव नव्हतं. ती नर्स नव्हती, कंपाउंडर नव्हती. औषधं डॉक्टर स्वतः द्यायचे. फरशी पुसायला वेगळी बाई यायची. कोणी विचारलं, "तुम्ही इथं काय करता?" तर आत्या म्हणायची, "धरते." विचारणाऱ्याला वाटायचं, वाक्य अर्धं राहिलंय. तो थांबून राहायचा. आत्या पुढं काही बोलायची नाही.

तिची पुतणी लहानपणी शाळा सुटली की दवाखान्याच्या दारात येऊन "आत्या" म्हणून ओरडायची. ती पुतणी लग्न होऊन गेली. हाक मागं राहिली. सगळी गल्ली तिला आत्या म्हणायला लागली. फक्त डॉक्टर तिला बाई म्हणत.

दवाखान्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पूर्वी फोटो स्टुडिओ होता. भिंतीवर रंगवलेलं तळं अजून आहे, त्यात दोन हंस. डॉक्टरांनी ते पुसलं नाही. येणारं प्रत्येक नवं कुत्रं आधी त्या हंसांवर भुंकतं, मग बाकीच्या कुत्र्यांवर. आतल्या खोलीत स्टीलचं टेबल, वजनकाटा, एक नळ आणि मागच्या बोळात उघडणारी खिडकी. टेबलावर रबराची चटई. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून, एकमेकींना चिकटवून केलेली. आत्याच्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ट्यूबा तिथल्या. गार स्टीलवर पंजे घसरले की जनावर घाबरतं. चटई आल्यापासून निम्मी भांडणं मिटली, असं डॉक्टर म्हणायचे.

मी पहिल्यांदा तिथं गेले ते गबाळीला घेऊन. गबाळी माझी मांजर. बाकीची मांजरं चाटून चाटून लख्ख असतात. ही चाटायला लागते आणि मधेच विसरते. जीभ तशीच बाहेर. मी तेव्हा साहित्याची पदवी घेऊन बसले होते. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम घरी आणत होते. खोली भाड्याची होती. मांजर खोलीबरोबर आली. आधीचा भाडेकरू तिला मागं ठेवून गेला होता.

त्या दिवशी गबाळीला ताप होता. मी तिला टोपलीत घातलं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात ओरबाडले होते.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुझं रक्त आधी पुसू, का तिचा ताप आधी बघू?"

मी टोपलीत हात घालायला गेले.

"थांब. ओढून काढायचं नाही. तुला कोणी घरातून ओढून काढलं तर?"

तिनं टोपलीचं झाकण सोडवलं, बाजूला ठेवलं. गबाळी तळाशी दबून बसली होती. आत्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याशीच बोलत राहिली. कुठं राहतेस, काय करतेस. बोलता बोलता तिचे हात टोपलीत गेले आणि मांजर घेऊन वर आले. कधी, ते मला कळलं नाही.

आत्याचं धरणं असं होतं. एक हात पुढच्या पायांखालून, दुसरा मागून. मांजराची एक कूस आपल्या छातीला टेकवलेली. मांजराचं तोंड कोपराच्या घडीत, अंधारात. मानगूट ती कधीच धरायची नाही. "मानगूट आईनं धरायची. आपण कोण लागून गेलो?" मग ती सावकाश श्वास घ्यायची. काहीच करायची नाही. थोड्या वेळानं मांजर तिच्या श्वासावर यायचं. आणखी थोड्या वेळानं गुरगुरायला लागायचं.

की डॉक्टर वैतागलेच. गुरगुरीत त्यांना छाती ऐकू यायची नाही.

"बाई, तुम्ही फार सुख देता."

"मग काय चिमटा काढू?"

"नळ सोडा."

मी नळ सोडला. पाण्याच्या आवाजानं गबाळी गप्प झाली, कान टवकारून बसली. तेवढ्यात डॉक्टरांनी दुसऱ्या कुशीला स्टेथोस्कोप लावून ऐकून घेतलं.

हा संवाद मी पुढं कितीदा ऐकला असेल. दोघांनाही त्याचा कंटाळा यायचा नाही.

गबाळी बरी झाली. मी मात्र तिथं जात राहिले. दुपारी दवाखाना बंद असायचा. आत्या मागच्या बोळातल्या पायरीवर चहा घेऊन बसायची. मी कागदांचा गठ्ठा घेऊन तिच्या शेजारी. ती माझ्या आईपेक्षा मोठी होती. मैत्रीण म्हटलं तर तिला हसू यायचं. "मैत्रीण काय, माझ्या गुडघ्यांच्या वयाची आहेस." पण कपात चहा माझ्यासाठी वेगळा काढून ठेवलेला असायचा.

तिथंच तिनं सांगितलं, ती इथं कशी आली. तरुण असताना एकदा रस्त्यात गाडीखाली आलेलं कुत्रं तिनं ओढणीत गुंडाळून आणलं. डॉक्टरही तेव्हा तरुण, एकटे. दवाखाना नवा. कुत्रं चावायला बघत होतं. डॉक्टर म्हणाले, "जरा धरा हो."

"तेव्हापासून धरतेच आहे," आत्या म्हणाली. "सोडा असं ते अजून म्हणालेच नाहीत."

"कुत्रं वाचलं?"

"नाही गं. पण ते गेलं तेव्हा मला चावत नव्हतं."

ती भावाच्या घरी राहायची. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. भाऊ कमी बोलणारा. वहिनी भरपाई करणारी. वहिनीचं म्हणणं असं, की हिला साऱ्या दुनियेची मांजरं चालतात, घरात एक चिमणी आलेली चालत नाही. ते खरं होतं. आत्यानं घरी कधीच काही पाळलं नाही. मी कारण विचारलं होतं.

"सोनार घरी आल्यावर दागिने घालून बसतो का?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "एकच असलं की त्याच्यावरच जीव बसतो. मग बाकीच्यांना धरताना हात खोटे पडतात."

तिचा खोकला मी पहिल्यांदा त्याच पायरीवर ऐकला. मग बऱ्याचदा ऐकला. एकदा ती पदरात तोंड लपवून काहीतरी करत होती. मी वाकून बघितलं. दम्याचा निळा पंप होता.

"बघितलंस ना? आता गप्प बस," ती म्हणाली.

मग तिनंच सांगितलं. ती छातीच्या डॉक्टरांकडं जाऊन आली होती. त्यांनी तिच्या हातावर थेंब टाकून टोचलं होतं. एक थेंब धुळीचा, एक बुरशीचा, एक कुत्र्याचा, एक मांजराचा. कुत्र्याच्या जागी बारीक पुरळ. मांजराच्या जागी गांध उठली ती नाण्याएवढी.

"मांजराच्या अंगावरून काहीतरी उडतं म्हणे. ते माझ्या छातीला सोसत नाही. काम सोडा म्हणाले. नाही सोडलं तर श्वास आखडत जाणार, आणि गेलेला परत येत नाही." ती हसली. "लग्न केलं नाही म्हणून काडीमोड चुकला होता माझा. आता तोही आला. तोही मांजराशी."

"मग तुम्ही काय ठरवलं?"

"काय ठरवायचंय? पंप आहे."

"आपल्या डॉक्टरांना सांगितलं?"

तिनं कप खाली ठेवला. "त्यांना सांगितलं तर ते मला या दारात उभं करणार नाहीत. माणूस चांगला आहे. तीच पंचाईत आहे."

"पण आत्या, श्वास..."

"घरी बसून काय करू? वहिनीच्या हाताखाली भाजी निवडू? भाजी चावतसुद्धा नाही." तिनं तळहात माझ्यापुढं धरले. दोन्हींवर बारीक पांढरे वण होते, दातांचे, नखांचे. "मला दुसरं काही येत नाही, पोरी. मला हे येतं. तू कोणाला बोलणार नाहीस."

मी कोणाला बोलले नाही.

पुढच्या वर्षी गबाळीची लस होती. आत्यानं तिला छातीशी धरलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. नळ सोडायला सांगितला. मग बराच वेळ ते ऐकत राहिले.

"हिच्या छातीत शिट्टी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"श्वासाच्या नळ्या आखडल्यात. मांजरांना होतो दमा. घरी खोकते का?"

मला आठवेना. एकदा केसांचा गोळा काढताना खोकली होती. मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी गबाळी सारखी खायची, सारखी पाणी प्यायची. तिचं पोट लोंबायला लागलं. शिट्टी गेली नाही. मग त्यांनी जोडीला पंपही दिला. लहान बाळांना लावतात तशा नळीतून, तोंडाला मुखवटा लावून द्यायचा. मी पिशवीतून तो काढला आणि चमकले. आत्याच्या पदरात होता तसलाच पंप.

"आता आम्ही दोघी एका औषधावर," आत्या म्हणाली. डॉक्टर तेव्हा बाहेरच्या खोलीत होते.

मांजराला पंप देणं हे काम ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मुखवटा बघितला की गबाळी कपाटावर जायची. मी स्टुलावर चढले की ती कपाटामागं. घरमालकीण खालून विचारायची, "वर काय चाललंय, कुस्ती?" रात्री मात्र गबाळी सगळं विसरून माझ्या छातीवर येऊन झोपायची. मी कान लावून ऐकायची. मला शिट्टी कधीच ऐकू आली नाही. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नुसत्या कानाला नाही येणार." त्यांनी तिचा एक्स-रे काढला. फुफ्फुसं स्वच्छ होती. ते एक्स-रे उजेडापुढं धरून उभे राहिले. त्यांना काही आवडेनासं झालं की ते हात धुवायचे. त्यांनी हात धुतले.

मग हवालदार आला.

हवालदार म्हणजे एका मास्तरांचा बोका. नाकाखाली काळा ठिपका, अगदी मिशीसारखा. मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. प्रत्येक वेळी बाहेरच्या खोलीत बसून ते सांगायचे, की हंसाची मान चुकलीय. बोक्याच्या कानाला काहीतरी झालं होतं. डॉक्टरांच्या शिस्तीप्रमाणे कान असो की शेपूट, आधी छाती. आत्यानं धरलं. डॉक्टरांनी ऐकलं. मी त्या वेळी पंपाची दुसरी नळी न्यायला आले होते, दारातच उभी होते.

"मास्तर, याच्याही छातीत शिट्टी आहे."

"अहो, हा काल एका दमात तीन भिंती चढला!"

"तरी आहे."

मी आत्याकडं बघितलं. ती हवालदाराच्या डोक्यावरून खिडकीकडं बघत होती. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मला वाटलं, तिला धाप लागलीय. मी तिच्या हातून बोका घ्यायला पुढं झाले. तिनं मान हलवून नको म्हटलं.

त्यानंतर डॉक्टर बेचैन झाले. गल्लीतल्या मांजरांमध्ये काहीतरी पसरतंय असं त्यांना वाटायला लागलं. येईल त्याला ते विचारायचे, घरी फिनेल कोणतं वापरता, रंगकाम चाललंय का, मांजराच्या ट्रेमध्ये माती की भुसा. कोपऱ्यावरच्या सुतारालासुद्धा जाऊन विचारून आले. सुतार म्हणाला, "मांजरांना शिट्टी वाजवता येते हे मला नवीनच." एका सशाच्या छातीतही त्यांना ती ऐकू आली. ते घरी जाऊन पुस्तकं वाचायचे. सकाळी डोळे लाल असायचे. आत्या काही बोलायची नाही. दुपारी पायरीवरही ती बसेनाशी झाली. "काम आहे," म्हणायची.

गबाळीची शिट्टी काही केल्या जात नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी एक दिवस मला समोर बसवलं. तिला भूल द्यायची. घशातून नळी घालून फुफ्फुसात थोडं पाणी सोडायचं, परत ओढायचं आणि ते तपासायला पाठवायचं.

"त्यात धोका आहे का?"

"आहे. छाती खरंच खराब असेल तर आहे." ते थांबले. "पण काय आहे ते कळल्याशिवाय मी आणखी औषधं देणार नाही. मला आता माझ्या औषधांचीच भीती वाटायला लागलीय."

मी हो म्हटलं. मी आत्याकडं बघितलं. ती चटई पुसत होती. पुसून झालेली चटई पुन्हा पुसत होती.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी उपाशी गबाळीला घेऊन गेले. आत्यानं झाकण सोडवलं. गबाळी स्वतःच उठून तिच्या हातात गेली. तिनं तिला छातीशी घेतलं. डॉक्टरांनी शेवटचं एकदा ऐकलं.

"आहेच," ते म्हणाले. त्यांनी सुई उचलली. "बाई, पाय द्या."

सुई द्यायची म्हणजे आत्यानं मांजराचा पुढचा पाय हलकेच पुढं करायचा, अंगठ्यानं शीर दाबायची. डोळे मिटूनही तिनं केलं असतं. तिनं पाय दिला नाही.

"बाई, पाय."

आत्या माझ्याकडं वळली. "तू धर."

"मी?"

"मी धरते तशीच. कूस छातीला. कोपर वर." तिनं गबाळीला माझ्या हातात दिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "आता ऐका."

डॉक्टरांना काही कळलं नाही. पण त्यांनी ऐकलं. पुढून ऐकलं, मागून ऐकलं. गबाळी गुरगुरतही नव्हती, नळ सोडावा लागला नाही. खोलीत काहीच आवाज नव्हता. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्टेथोस्कोपची चकती बोटानं टकटक करून बघितली. पुन्हा लावला.

"नाही," ते म्हणाले. "कुठं गेली?"

आत्यानं मांजर माझ्याकडून घेतलं. "ऐका."

त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. आधी त्यांना शिट्टी ऐकू आली. मग त्यांना कळलं.

"ती माझी आहे," आत्या म्हणाली. "पहिल्यापासून माझीच आहे."

मी तेव्हा काय केलं ते मला आठवत नाही. मी टोपलीची कडी धरून उभी होते एवढं आठवतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला नाही. गबाळीला माझ्याकडं देऊन ते आत्याच्या मागं गेले आणि तिच्या पाठीला लावला.

"श्वास घ्या."

तिनं घेतला.

"पुन्हा."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मांजरांना ऐकत त्यापेक्षा जास्त वेळ.

"कधीपासून?"

तिनं सांगितलं. छातीच्या डॉक्टरांचंही सांगितलं. थेंबांचं सांगितलं.

"आणि मला ऐकू येतेय ती तुमची, हे तुम्हाला कधी कळलं?"

"हवालदाराच्या वेळी. त्या दिवशी सकाळपासून मलाच माझी ऐकू येत होती."

"म्हणजे इतके दिवस..." ते थांबले. त्यांनी गबाळीच्या लोंबत्या पोटाकडं बघितलं. मग ते नळापाशी गेले आणि हात धुवायला लागले. धुतच राहिले. आमच्याकडं पाठ करून म्हणाले, "मी छातीवर चकती ठेवतो आणि त्या छातीमागं दुसरी छाती आहे हे विसरतो. इतकी वर्षं. माझंही चुकलंच की."

आत्यानं टेबलाची कड धरली होती.

डॉक्टर वळले. त्यांचे हात ओले होते.

"बाई," ते म्हणाले, "सोडा."

तिनं टेबलाची कड सोडली. मग तिला कळलं, ते टेबलाबद्दल बोलत नव्हते.

मी गबाळीला घेऊन घरी आले. आत्याशी एक शब्दही बोलले नाही. गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. पंप मी फेकून दिला. गबाळी पुन्हा अर्धवट चाटायला लागली, पोट जरा आवरलं. मला राग होता. राग आत्यावर होता, आणि आत्याचं वाईट वाटत होतं, आणि ही दोन्ही एकाच वेळी कशी होतात ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. मी बोळाच्या बाजूनं जायचं टाळत होते.

एक दिवस वहिनी जिना चढून माझ्या दारात आली. धापा टाकत होती.

"साहित्यवाली तूच ना? चल जरा. ती बोलत नाही. जेवायला वाढलं तर ताट बघत बसते. उशीची गुंडाळी करून छातीशी धरून बसलेली असते, आणि मी बघितलं की उशी नीट करत होते म्हणते. मला काय कळत नाही? ही बाई मला आयुष्यभर उलट उत्तर देत आली. आता 'हो वहिनी' म्हणते. मला भीती वाटायला लागलीय."

मी गेले. दुकानात भाऊ एका चाकाच्या तारा ताणत होता. त्यानं मानेनंच आत जा म्हटलं. आत्या पलंगावर बसली होती. मी समोर स्टुलावर बसले.

"तुझ्या मांजराचं मी वाईट केलं," ती म्हणाली.

"हो."

"त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलं?"

"रोज सकाळी ठरवून जायची. दारात कोणीतरी असायचं. एखादं कुत्रं थरथरत असायचं. वाटायचं, एवढं धरून घेऊ, मग सांगू." तिनं उशीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "एवढं एवढं करत महिने गेले. तुझी गबाळी खातेय, पितेय, फुगतेय, ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही."

तिला क्षमा नको होती. ती नुसतं सांगत होती. मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "साखर कमी पडलीय बहुतेक." आत्या म्हणाली, "तुझ्या हातची कधी पुरली होती?" वहिनी आत गेली. आत तिनं भांडं जरा जोरात ठेवलं. पण तिचा चेहरा मी बघितला होता. तिला बरं वाटलं होतं.

इकडं दवाखान्यात कोणी धरणारं नव्हतं. डॉक्टरांनी एका तरुणाला ठेवून बघितलं. तो मानगूट धरायचा. लोक स्वतःच आपली जनावरं धरायला लागले आणि आपल्याच जनावरांकडून चावून घ्यायला लागले. एका संध्याकाळी डॉक्टर सायकलच्या दुकानात आले. मी तिथं होते. मी आता पुन्हा तिथं जात होते. डॉक्टरांच्या कपाळावर ओरखडा होता.

"हवालदार?" आत्यानं विचारलं.

"मास्तरांनी त्याला वहीसारखं काखेत धरलं. तो माझ्या डोक्यावर चढला."

"छातीशी धरायला सांगा."

"सांगतो. सांगून येत नाही ते. तुम्ही शिकवा." त्यांनी बोट वर केलं. "इथं. या दुकानात. जनावराशिवाय. जनावर उंबऱ्याच्या आत आलेलं मला चालणार नाही. तुमची छाती मी अधूनमधून येऊन ऐकणार आहे, बाई. शिट्टी वाढली तर हेसुद्धा बंद."

आत्या म्हणाली, "आणि हंसांवर भुंकू नका, हे कुत्र्यांना कोण शिकवणार?"

डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना क्वचितच बघितलं होतं.

भावानं जुन्या ट्यूबा घडी घालून फडक्यात बांधल्या. मांजराएवढं गाठोडं झालं, मऊ आणि निसटणारं. आता ज्याला दवाखान्यात जायचं तो आधी त्या दुकानात येतो. टोपली बाहेर ठेवतो. आत येऊन गाठोडं छातीशी धरतो. आत्या स्टुलावर बसून बघते आणि ओरडते. मास्तरांनी सगळ्यांत जास्त दिवस शिकायला घेतले. "मास्तर, ते मांजर आहे, फळा नाही," असं ती त्यांना म्हणाली होती. ते आता गल्लीत सगळ्यांत छान धरतात. ती मात्र त्यांना अजून ते सांगत नाही.

गेल्या आठवड्यात गबाळीची लस होती. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. कोणी विचारायच्या आत झाकण सोडवलं, तिच्याकडं बघितलं नाही. ती हातात आली. डॉक्टरांनी ऐकलं. मग थोडं थांबून म्हणाले, "जरा तुमचाही एक श्वास रोखून धरा." मी धरला. त्यांनी पुन्हा ऐकलं. आता ते प्रत्येकाला तसं सांगतात.

"साफ," ते म्हणाले. मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून, खिडकीबाहेरच्या पायरीकडं बघत, "बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. पंप कमी झालाय."

"हं. पाय द्या."

मी पाय दिला.

परत येताना मी दुकानावरून आले. उंबऱ्याबाहेर थांबले. आत्या आत स्टुलावर होती.

"काय म्हणाले?"

"साफ आहे म्हणाले."

तिचा आवाज ऐकून गबाळीनं टोपलीत अंग उचललं. झाकणाला डोकं लावलं आणि ओरडायला लागली. ती कधी इतकी ओरडत नाही. मी झाकण काढलं आणि तिला उचलून घेतलं. ती माझ्या खांद्यावरून दुकानाच्या आत बघत ओरडत राहिली.

आत्या उठून उभी राहिली होती. तिचे दोन्ही हात पुढं आले होते, एक खालून, एक मागून, आपोआप. तिला ते दिसले. तिनं ते मागं घेतले आणि काखांमध्ये दाबून धरले, थंडीत धरतात तसे. ती उंबऱ्यापर्यंत आली नाही. तिथूनच तिनं माझ्याकडं, मी कशी धरलीय त्याकडं बघितलं.

"कोपर वर घे," ती म्हणाली. "अजून. तोंड घडीत जाऊ दे तिचं."

मी कोपर वर घेतलं. गबाळीनं तोंड आत घातलं. ओरडणं थांबलं.

"कूस टेकलीय का नीट?"

"टेकलीय."

"हं," आत्या म्हणाली. "आता तिला तुझा श्वास ऐकू येईल."